ट्रेकच्या तोंडावर ॲप अपडेट झालं आणि नकाशाच गायब!

भटकभवान्या:
रतनगड ते हरिश्चंद्रगड करत होतो, कात्राबाईच्या खिंडीतून. गुरुवारी घरच्या वायफायवर सगळ्या परिसराचा ऑफलाइन नकाशा उतरवून घेतला, मित्राने दिलेला जीपीएक्स ट्रॅकही, म्हणजे वाटेची नोंद असलेली फाइल, टाकला. उघडून पाहिलं, सगळं जागच्या जागी. मग रात्रीत कधीतरी ॲप आपलं आपण अपडेट झालं.

शनिवारी रानात वाटेला तीन फाटे फुटले तिथे ॲप उघडलं, तर समोर 'लॉगिन करा'. रेंजचा पत्ता नाही, करणार कुठून? तीन-चारदा बंद-चालू केल्यावर कसंबसं आत शिरलो. नकाशाच्या जागी कोरा राखाडी पडदा आणि मधोमध निळा ठिपका. जीपीएसला रेंज लागत नाही, त्यामुळे मी कुठे आहे हे फोनला पक्कं ठाऊक होतं. फक्त भोवतीचा डोंगर नव्हता! ट्रॅकही पुसलेला.

एक ढोरवाट धरून पाऊण तास भलतीकडे भरकटलो. वाचलो ते सोबतच्या मित्राच्या जुन्या फोनमुळे, त्यात याच ॲपची जुनी आवृत्ती मस्त चालत होती. कुमशेतला पोचेपर्यंत अंधार पडला. एका काकांनी अंगणात तंबू टाकू दिला, वर गरम भाकरीही दिली. हरिश्चंद्रगड राहिला तो राहिलाच.

उतरवून ठेवलेल्या नकाशाला लॉगिन कशाला लागतं, हे मला कुणीतरी समजावा.

कोडकारकून:
लॉगिनचं समर्थन करणार नाही. पण अपडेटला सरसकट शिव्या घालू नका. मी ॲप बनवण्याच्याच धंद्यात आहे. अँड्रॉइड 11 पासून ॲपला फोनच्या सामायिक फोल्डरात पूर्वीसारखा हात घालता येत नाही, त्यामुळे अनेकांना नकाशाच्या फाइली एका जागेवरून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. गूगलचे नियम दरवर्षी पुढे सरकतात, मागे राहिलं की ॲप नव्या फोनवाल्यांना दिसेनासं होतं. अशा हलवाहलवीत फाइली हरवतात, तुमचं तसंच काहीसं झालं असावं.

आणि आपोआप अपडेट ॲप करत नाही, प्ले स्टोअर करतं. ॲपच्या पानावर वरचे तीन ठिपके दाबून तिथली खूण काढता येते. ट्रेकच्या आदल्या रात्री फ्लाइट मोड लावून ॲप एकदा उघडून बघायचं, एवढी तरी काळजी घ्या.

भटकभवान्या:
म्हणजे त्यांनी तपासायचं ते मी तपासायचं. वर्षाचे पैसेही मीच भरायचे. बरंय!

जुनापुराणा:
कुमशेतमधून एखादा वाटाड्या घेतला असता तर हा धागाच निघाला नसता. त्या पोराला चार पैसे मिळाले असते, तुम्हाला गड. आम्ही सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा आणि होकायंत्र घेऊन हिंडलो, 1:50,000 वर. त्याला अपडेट नाही, चार्जर नाही.

रानजाई:
काका, वाटाड्याचं अगदी मान्य, मी नेहमी घेते. पण त्या नकाशावर नवे रस्ते, नवी धरणं कुठून येणार? कित्येक शीट तर दशकांपूर्वीच्या पाहणीवरच्या. आणि 1:50,000 म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. वाटेचा फाटा त्यात दिसतच नाही, ॲपमध्ये दिसतो. कारण ॲपचा नकाशा ज्यावरून येतो त्या ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, तो आपल्यासारख्याच कुणीतरी पायी फिरून टाकलेला असतो. माझा राग इथेच आहे. वाटा आपण फुकटात नोंदवायच्या आणि त्या बघायला कुलूप यांनी लावायचं.

जुनापुराणा:
फाटा दिसला तरी त्यातला खरा कोणता, हे गुराखीच सांगतो. पाऊस पडून गेला की निम्म्या वाटा गवतात बुडतात. तुमचा निळा ठिपका गवत थोडंच बाजूला करणार?

रानजाई:
नाही. पण ठिपका वाटेवरून सरकला की पाऊण तासाऐवजी पाच मिनिटांत कळतं. तेवढंच मागणं आहे माझं.

कोडकारकून:
@भटकभवान्या, मित्राच्या फोनमधली आवृत्ती कोणती ते सांगा ना. आणि त्याने ऑटो अपडेट बंद ठेवलं होतं का?

भटकभवान्या:
आत्ताच विचारलं. बंदबिंद काही नाही. लग्नाच्या फोटोंनी फोन गच्च भरलाय, अपडेटला जागाच उरलेली नाही.