चिपळूणचं घर: आई-बाबांची खोली खालीच घ्या

खाली हॉल आणि ओपन किचन, तिन्ही बेडरूम वर, हा तुमचा प्लॅन कागदावर छान दिसतो. पण सत्तरीतल्या आई-बाबांना रोज जिना चढायला लावू नका. त्यांची खोली खालीच घ्या, लागून संडास-बाथरूम. त्याचं दार अडीच नाही, तीन फुटी करा आणि बाहेर उघडणारं ठेवा. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगावर अडतं.

आता गाव चिपळूण म्हटल्यावर पुराचं बघायलाच हवं. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा, बऱ्याच भिंतींवर खुणा असतील. जोतं त्या हिशोबाने उचला. मीटर आणि इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर न्या. वर एक खोली आई-बाबांपुरती मोकळी राहू द्या, पाणी आलं तर.

पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो आणि तुमची सगळ्यात मोठी खिडकी नेमकी तिकडेच! तिथे चांगली खोल पडवी काढा, कपडे वाळत घालायचीही सोय होईल.

ओपन किचनचं म्हणाल तर बांगडे तळले की वास थेट सोफ्यात. मधे सरकतं काचेचं दार बसवा.