क्रोन्स असलेल्या मुलाने उड्या माराव्यात का? हाडांविषयी विचारणा

दांडिया बाजारची आई

नमस्कार. माझा मुलगा १२ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याला क्रोन्सचा आजार (आतड्यांचा दीर्घकाळ चालणारा दाह) असल्याचे निदान झाले. काही महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू होते, ते हळूहळू कमी करून बंद केले आणि आता तो ॲझाथायोप्रिनवर (प्रतिकारशक्ती दाबून दाह रोखणाऱ्या औषधावर) आहे. पोट पुष्कळ आटोक्यात आले आहे. मात्र वर्गातल्या मुलांच्या मानाने त्याची उंची कमी राहिली आहे आणि हाडांची घनता मोजणाऱ्या, नुकत्याच केलेल्या डेक्सा तपासणीत कण्याचा झेड-स्कोर उणे १.८ आला, म्हणजे त्याच्या वयाच्या सरासरीपेक्षा घनता कमी निघाली. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू करून "हालचाल वाढवा" असे सांगितले. त्या एका वाक्यावरून घरात मतभेद आहेत. सासूबाई म्हणतात, हाडे नाजूक असताना मुलाने उड्या मारू नयेत, संध्याकाळी कमाटीबागेत एक फेरी पुरे. मला पोहणे बरे वाटते, कारण त्यात पडण्याची भीती नाही. मुलाला मात्र नवरात्रात सोसायटीच्या गरब्यात उतरायचे आहे आणि त्याचे केडियू (गरब्याचा घेरदार अंगरखा) शिवूनही आले आहे. हाडांच्या दृष्टीने यातले काय योग्य, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बालफिजिओथेरपिस्ट, अलकापुरी

आपल्या मुलाला मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढील मजकूर सर्वसाधारण समजावा आणि अंतिम निर्णय त्याच्या पोटविकारतज्ज्ञांचाच असावा.

या आजारात हाडे विरळ होण्याचा सगळा दोष स्टेरॉइडला दिला जातो, पण अनेक मुलांची हाडे औषध सुरू होण्याआधीच मागे पडलेली असतात. आतड्यातल्या दाहातून रक्तात येणारे टीएनएफ-अल्फासारखे पदार्थ हाड बांधणाऱ्या पेशींना मंदावतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात. त्यात भूक मरते, स्नायू कमी होतात, वयात येणे लांबते आणि मूल अंथरुणाला खिळते. म्हणून हाडांचा पहिला उपचार म्हणजे दाह आटोक्यात ठेवणे. तो आपल्याकडे बऱ्यापैकी साधला आहे, आणि व्यायामाचा उपयोग नेमका याच टप्प्यावर अधिक होतो.

हाडाला मजबूत होण्यासाठी भार लागतो, तोही थोडा झटक्याचा आणि वेगवेगळ्या दिशांनी येणारा. पोहण्यात पाणी शरीर तोलून धरते, त्यामुळे दम आणि स्नायू सुधारतात, पण हाडावर पुरेसा ताण येत नाही, सायकलचेही तसेच. बागेतली फेरी चांगली आहे, परंतु रोजच्या चालण्याला हाड सरावलेले असते. याउलट, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी शाळकरी मुलांनी ७ महिने, आठवड्यातून ३ दिवस, सुमारे ६१ सेंटिमीटर उंचीच्या खोक्यावरून दर वेळी १०० उड्या मारल्या, तेव्हा त्यांच्या खुब्यातील आणि कण्यातील खनिजांचे प्रमाण इतर मुलांपेक्षा अधिक वाढले. ती मुले निरोगी होती, हे विसरू नये. आपल्या मुलाने खोक्यावर चढायचे नाही. सपाट जमिनीवर, बूट घालून, गुडघे किंचित वाकवून अलगद उतरण्यापासून सुरुवात करायची. सकाळी थोड्या आणि संध्याकाळी थोड्या उड्या ठेवाव्यात, कारण सलग भाराने हाडातील पेशींचा प्रतिसाद मंदावतो आणि काही तासांच्या विश्रांतीने तो परत येतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

आणि यात वेळेलाही फार महत्त्व आहे. प्रौढ हाडांतील खनिजांचा सुमारे चौथा हिस्सा उंची झपाट्याने वाढण्याच्या आसपासच्या दोन वर्षांत साठतो. आपल्या मुलाचा हा काळ उशिरा येईल, पण यायचा आहे. या वयात त्याला जपून बसवून ठेवणे मला फार मोठे नुकसान वाटते.

गरबा? जरूर. पाय आपटणे, गिरकी, बाजूला पाऊल, मध्येच उडी, असा बदलता भार हाडांना मानवतो. फक्त नवरात्राच्या पहिल्या रात्री थेट तीन तास नको. आधीचे काही आठवडे सराव असावा.

एक विचारते: तो झेड-स्कोर उंचीनुसार सुधारलेला आहे का? डेक्सा ठेंगण्या मुलाची घनता आहे त्यापेक्षा कमी दाखवते.

कारेलीबागचे बाबा

माझ्या मुलीला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या दाहाचा आजार) आहे, म्हणून वरील उत्तरात थोडी भर. ती खेळायला नको म्हणायची तेव्हा आम्ही तिला आळशी समजत होतो. तपासणीत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) दोन्ही खाली निघाले. लोह भरून आल्यावर ती आपणहून मैदानात उतरू लागली. मूल लवकर थकत असेल तर व्यायाम वाढवण्याआधी रक्त तपासून घ्यावे. शाळेसाठी डॉक्टरांकडून पत्र घ्यावे, पण खेळातून सूट मागणारे नव्हे. मैदानातून कधीही शौचालयास जाण्याची मुभा मागणारे घ्यावे. आमच्या मुलीची खरी भीती तीच होती.

आहाराबाबत: आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार १० ते १२ वर्षांच्या मुलाला रोज ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, आणि गायीच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम मिळते. दूध पचत नसेल तर दही चालते का ते पाहावे. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, मात्र क्रोन्समध्ये आतडे कुठे अरुंद झाले असेल तर नाचणी-तिळासारखे कोंड्याचे पदार्थ विचारूनच द्यावेत.

व्यायामशाळेतील शिक्षक

व्यायामाचार्य प्रा. माणिकरावांच्या या बडोदे शहरात मुलाला मल्लखांबावर चढवण्याचा मोह अनेक पालकांना होतो. अशा आजारातून उठलेल्या मुलाला मी पहिले काही महिने तरी खांब देत नाही, कारण त्यात पडण्याचा धोका आहे आणि कणा वारंवार टोकाचा वाकतो. दोरीवरच्या उड्या, बैठका, भिंतीला रेटून जोर आणि लंगडी एवढ्यावर शरीर चांगले तयार होते. लंगडी विशेष सुचवतो. त्यात एका पायावर सगळा भार येतो आणि मुलांना कंटाळा येत नाही.

दांडिया बाजारची आई

सर्वांचे मनापासून आभार. अहवाल पुन्हा पाहिला; उंचीनुसार सुधारणा केल्याचा उल्लेख त्यात नाही, तो प्रश्न पुढच्या भेटीत विचारते. एक राहिले: कधीकधी तो पाठ दुखते म्हणतो. दप्तरामुळे असेल असे आम्ही धरले होते.

बालफिजिओथेरपिस्ट, अलकापुरी

हे सर्वांत आधी डॉक्टरांना सांगा आणि तोवर उड्या सुरू करू नका. स्टेरॉइड घेतलेल्या मुलांत कण्याचा मणका कधीकधी पडल्याशिवाय, अपघाताशिवायही दबतो, आणि पाठदुखी हीच त्याची एकमेव खूण असू शकते. कण्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे पुष्कळदा पुरतो. तो ठीक निघाला तर दोरी आणि लंगडी दोन्ही सुरू करा. नवरात्राला अजून अवकाश आहे.