विषय: रविवारी उएनोला पहाटे कोण बसणार? (आणि ताडपत्री कोणाकडे आहे)

अनघा, सोमवार २४ मार्च, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार,
आज जाहीर झालं. यासुकुनी देवळातल्या त्या नमुन्याच्या चेरीच्या झाडाला पाच-सहा फुलं लागली म्हणजे टोकियोत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, सुरू, आणि तिथून साधारण आठवड्याभरात पूर्ण बहर. म्हणजे आपल्या मंडळाच्या हनामीचा (साकुराखाली बसून खाणंपिणं) ६ एप्रिल उशिराचा ठरतोय, तोपर्यंत निम्मी फुलं जमिनीवर. तर रविवार ३० मार्च करूया. हो, मला माहितीये पाडवा आहे. गुढी सकाळी घरी उभारा, नैवेद्य दाखवा आणि ११ पर्यंत उएनोच्या बागेत या. ४३ नावं आलीत, त्यातली १४ मुलं.
प्रश्न एकच उरलाय. बाग रात्री ११ ते पहाटे ५ बंद असते, म्हणजे आदल्या रात्री जाऊन काही अंथरता येत नाही. आणि ताडपत्री टाकून निघून गेलेलं चालत नाही, माणूस बसलेला लागतो. मागच्या वर्षीचं परत उगाळत नाही. ५ ते ११ कोण बसणार? आणि मोठी ताडपत्री सध्या कोणाकडे आहे?

मिलिंद, सोमवार २४ मार्च, रात्री १०:०५

मोठी ताडपत्री माझ्याकडे आहे पण ती गणपतीची आहे. हनामीची जी होती ती मागच्या वर्षी गेली. उगाळत नाही म्हणतेस पण मग ती गेली कशी हे एकदा तरी लिस्टवर यायला हवं होतं, कारण नवीन घेतली ती गणपतीच्या बजेटमधून घेतलीये, पावती माझ्याकडे आहे. ती झाडाच्या मुळांवर, चिखलात वगैरे जाणार असेल तर कमिटीला विचारावं लागेल.

स्वाती, सोमवार २४ मार्च, रात्री १०:३०

मिलिंद, कमिटी म्हणजे तूच ना रे.

शिरीष, मंगळवार २५ मार्च, सकाळी ७:५५

दरवर्षी हेच. दरवर्षी मी हेच लिहितो आणि दरवर्षी कोणी ऐकत नाही, तरी परत लिहितो. शिंजुकु ग्योएन. ९ ला गेट उघडतं, एवढी मोठी हिरवळ आहे की ११ ला गेलात तरी ४३ माणसं आरामात बसतात, पहाटे उठून जागा अडवायची भानगडच नाही. मोठ्यांना ५०० येन, मुलं फुकट. २९ मोठे म्हणजे १४,५०० येन. एवढ्यासाठी आपण कोणाला तरी पहाटे साडेचारला उठवणार आहोत का?
फक्त फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी आधी बुकिंग लागतं तेवढं आजच करायला हवं. हो म्हणा, मी करतो.

प्राजक्ता, मंगळवार २५ मार्च, सकाळी ८:२०

ग्योएनला बियर चालत नाही, गेटवर बॅग बघतात. बॉल, बॅडमिंटन पण नाही. १४ मुलं चार तास नुसती फुलं बघत बसतील असं ज्याला वाटतं त्याने ती मुलं सांभाळावीत.
दुसरं, मी वड्यांचं सारण करून आणते, पण वडे तिथेच तळायची आयडिया कोणाची होती? उएनोत आग पेटवायला परवानगी नाही, कॅसेट शेगडीसुद्धा नाही. वडे घरून तळून आणायचे, थंड खायचे. चहा थर्मासमधून. प्रत्येक घराने एक थर्मास, मागच्यासारखं सगळ्यांनी साखरेचाच आणू नका, आईंना डायबेटिस आहे.

शिरीष, मंगळवार २५ मार्च, सकाळी ८:३१

बियरसाठी एवढं चाललंय होय. मग तसं सरळ सांगा.

वसंतकाका, मंगळवार २५ मार्च, दुपारी १:१५

अनघा आणि सर्व मित्रहो,
बियरवरून आठवलं म्हणून लिहितो. उएनोची झाडं मुळात कान्एइजी देवळाची. तेनकाई नावाच्या भिक्षूने योशिनोहून आणून लावली. पण तिथे शोगुनच्या घराण्याची थडगी, म्हणून गाणंबजावणं बंद, संध्याकाळी बाहेर व्हा. आपल्याकडे समाधीच्या आवारात कोणी ढोलकी वाजवू देईल का? मग आठवा शोगुन योशिमुने, त्याने १७२० च्या सुमाराला आसुकायामाच्या टेकडीवर शेकड्यांनी झाडं लावून घेतली आणि सामान्य लोकांना सांगितलं, या, खा, प्या, गा. पुढे १८७३ साली सरकारने पहिल्या पाच सार्वजनिक बागा ठरवल्या त्यात उएनो आणि आसुकायामा दोन्ही आहेत.
तर माझी सूचना आसुकायामा. ओजी स्टेशनला लागूनच आहे. आणि मुख्य म्हणजे स्टेशनच्या बाजूने वर जायला एक छोटी मोनोरेल आहे, फुकट, सकाळी १० ते ४. सोळा माणसं बसतात. टेकडी कसली, टेकाड आहे, पण माझ्या गुडघ्यांना तेही पर्वतीएवढं वाटतं. प्राजक्ताच्या आई येणार असतील तर त्यांचाही विचार व्हावा. खाली ट्राम वळण घेते ते मुलांना फार आवडतं.
मी एकटाच १९९० च्या दशकात तिथे जायचो. तेव्हा मंडळ म्हणजे आम्ही पाच घरं. एक सतरंजी पुरायची.

स्वाती, मंगळवार २५ मार्च, दुपारी २:४०

काका, मोनोरेल मस्तच, माहितीच नव्हतं.
पण आता सगळे ठिकाणं सुचवतायत तर मीही सुचवते. निम्मं मंडळ निशिकासाईत राहतं. आपल्या दाराशी आराकावाच्या काठाला कोमात्सुगावाचं सेनबोनझाकुरा, म्हणजे साकुराच्या झाडांची रांग, आहे, हिगाशी ओजिमाला उतरलं की चालत. मैदान आहे, मुलं पळतील, वारा आहे, गर्दी उएनोच्या मानाने काहीच नाही. पहाटे जागा अडवायला कोणी लागणार नाही, आणि लागलंच तर माझा नवरा सायकलवर जाऊन बसेल. उएनोला निशिकासाईहून तोझाईची पहिली गाडी पकडून निहोनबाशीला गिंझा लाइन बदलून पोचेपर्यंत साडेपाच-पावणेसहा होतात, म्हणजे पाचला बसणारा माणूस आपल्यात कोणी नाहीच.

मिलिंद, मंगळवार २५ मार्च, दुपारी ३:०२

नदीकाठीच गेली होती ना मागची ताडपत्री. वाऱ्याने.

स्वाती, मंगळवार २५ मार्च, दुपारी ३:०९

वाऱ्याने गेली का बागवाल्यांनी उचलली हे कोणालाच माहीत नाही कारण तिच्यावर कोणी बसलेलंच नव्हतं. ज्यांनी बसायचं होतं ते कॉफी आणायला गेले होते. नाव घेत नाही.

मिलिंद, मंगळवार २५ मार्च, दुपारी ३:११

दहा मिनिटं गेलो होतो.

अनघा, मंगळवार २५ मार्च, रात्री ९:००

प्लीज. ठिकाण उएनोच. जानेवारीच्या मीटिंगला मतं घेतली होती, तेव्हा जे आले नाहीत त्यांनी आता नवीन ठिकाणं काढू नयेत. शिरीष, ग्योएनला आपण एप्रिलच्या मध्याला जाऊया ना. तिथे वेगवेगळ्या जाती आहेत, पाकळ्यांची जुडी असते ती याएझाकुरा उशिरा फुलते, तेव्हा गर्दीही कमी. काका, तुमच्यासाठी मी स्वतः स्टेशनच्या पार्क गेटला उभी राहीन, त्या बाजूला चढ नाही.
प्रश्न अजून तोच आहे. कोण बसणार?

शिरीष, मंगळवार २५ मार्च, रात्री ९:२२

एप्रिलच्या मध्याला ग्योएन हे लिखित समजतो.
जपानी कंपन्यांत पूर्वापार पद्धत आहे, सगळ्यात नवीन माणसाला बाशोतोरीला, म्हणजे जागा धरायला, बसवतात. माझ्या पहिल्या वर्षी मी सकाळी सहापासून लॅपटॉप घेऊन बसलो होतो, बॉस संध्याकाळी सहाला आला, म्हणाला जागा जरा उतारावर आहे. मंडळात यंदा नवीन कोण आलंय?

रोहन, मंगळवार २५ मार्च, रात्री ११:४८

नमस्कार, मी रोहन, जानेवारीत आलो, गणेश जयंतीला आलो होतो. शिरीषदादा म्हणतात तो नवीन माणूस बहुतेक मीच. मला बसायला हरकत नाही, पण दोन शंका आहेत. एक म्हणजे पाडव्याला माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर गुढी उभारून घ्यायची ठरवलंय सकाळी सातला (तिच्या झोपेचं गणित करून तिने साडेतीनचा गजर लावलाय!) तर ते उएनोतूनच करू का? दुसरं, एकटा माणूस बसला आणि त्याला बाथरूमला जावं लागलं तर काय करायचं? कारण ताडपत्रीवर माणूस लागतो असं वर लिहिलंय.

प्राजक्ता, बुधवार २६ मार्च, सकाळी ८:०५

रोहन, गुढी उएनोत नको बाबा, काठी, कलश, साडी घेऊन उभा राहिलास तर गार्ड विचारेल हे काय. आमच्या शेजारच्या आजींनी पहिल्या वर्षी बाल्कनीतली गुढी बघून विचारलं होतं, तांब्या वाळत घातलाय का. मी हो म्हटलं. तेव्हा माझं जपानी तेवढंच होतं.
खाण्याचं फायनल: वडे मी, इडल्या स्वाती, श्रीखंड वहिनी (इथल्या दह्याचा चक्का रात्रभर टांगायला लागतो, शनिवारी सकाळपासूनच लावा, पाणी फार सुटतं), पोळ्या प्रत्येकाने आपापल्या. साकुरामोची मी विकत आणीन, ३० नग. त्यात मांस-अंडं काही नसतं, तांदूळ किंवा मैद्याचं आवरण नि आत लाल घेवड्याचं गोड पुरण. वरचं पान मिठात मुरवलेलं असतं.

स्वाती, बुधवार २६ मार्च, सकाळी ९:१२

ते पान खातात का काढतात? मी दरवर्षी काढते आणि बाजूचे जपानी खातात.

वसंतकाका, बुधवार २६ मार्च, सकाळी १०:३०

मत आपापलं. पण पातोळीचं हळदीचं पान आपण खातो का? वासासाठी असतं ते. आमच्या मालवणात पान सोलून बाजूला ठेवायचं आणि पातोळीवर तूप. साकुरामोचीचं पान मात्र मी खातो, खारट-गोड बरं लागतं. इकडे कान्तोत, म्हणजे टोकियोच्या बाजूला, मोची म्हणजे पातळ डोशासारखी गुंडाळी, आणि ओसाकाकडे दाणेदार भाताची, दोमयोजी. ती मिळाली तर ती आणावी, थोडी आपल्या साखरभाताकडे झुकते.
यांच्याकडे म्हण आहे, हाना योरी दांगो, फुलांपेक्षा गोळे बरे. आपल्याकडे विठोबाला थांबवून ठेवलंय, यांनी फुलांना.

मिलिंद, बुधवार २६ मार्च, दुपारी १२:४०

काका, ओसाकाची मोची जास्त चांगली असते हे चूक आहे, पण असो.
ताडपत्री देतो. अटी: १) खाली पुठ्ठे घालायचे, शनिवारी पाऊस दाखवतोय, जमीन ओली असणार. पुठ्ठे प्रत्येकाने घरून आणा, अॅमेझॉनचे खोके चालतील. २) चपला-बूट ताडपत्रीच्या बाहेर, मागे कोणीतरी सॅंडल घालून मध्यातून चाललं होतं. ३) मुळांवर अंथरायची नाही. ४) तेलाचे डाग पडले तर प्राजक्ताने धुवायची.

प्राजक्ता, बुधवार २६ मार्च, दुपारी १२:४४

मी का?? वडे तुम्ही सगळे खाणार ना.

अनघा, गुरुवार २७ मार्च, रात्री ८:३०

ठरलं. रोहन पहाटे निघणार, तो कामेइदोला राहतो म्हणजे आपल्या सगळ्यांत जवळ. ताडपत्री मिलिंदने शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरी पोचवायची. पुतळ्याजवळची बाजू नको, तिथे गर्दी सगळ्यात जास्त. मधल्या मोठ्या रस्त्याच्या कडेला जिथे बसू देतात तिथेच. ज्यांना सापडणार नाही त्यांनी सायगोच्या पुतळ्याशी, म्हणजे कुत्रेवाल्या पुतळ्याशी, थांबायचं, मी १०:४५ ला तिथे येते. तिथून खाली शिनोबाझु तलावात देऊळ दिसतं ते बेंझाइतेनचं, म्हणजे आपली सरस्वती, मुलांना घेऊन जायचं असेल तर जा. पाडव्याला सरस्वतीचं दर्शन होईल.
कचरा आपापल्या घरी न्यायचा. थंडी असणार, याला हानाबिए म्हणतात, म्हणून जाड कपडे, रविवार आहे म्हणून झब्बा आणि वरती काही नाही असं करू नका, मागच्या वर्षी दोघांना ताप आला.

स्वाती, गुरुवार २७ मार्च, रात्री ९:१५

पण रोहनच्या दुसऱ्या शंकेला कोणी उत्तर दिलं का?

शिरीष, गुरुवार २७ मार्च, रात्री ९:२०

कुठली शंका?

मिलिंद, शनिवार २९ मार्च, रात्री ८:५०

ताडपत्री दिली रोहनला. पावसात दिली. तीन बाय पाच मीटर आहे, एकट्याला अंथरायला जड जाईल, चारही कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेव म्हणून सांगितलंय. बांबू नाही लावायचे, दोरी नाही बांधायची.

रोहन, रविवार ३० मार्च, सकाळी ६:१२

नमस्कार. ५:३५ ला पोचलो, जागा मिळाली, रस्त्याच्या डाव्या बाजूला, झाड मोठं आहे, फांदी खाली आलीये. माझ्या आधी जपानी कंपन्यांची पोरं बसलीयेत, सूटमध्ये, सगळी फोनवर. जमीन ओली आहे, पुठ्ठे घातले. फुलं छान आहेत, फक्त खूप थंडी आहे.

रोहन, रविवार ३० मार्च, सकाळी ७:०५

आईचा कॉल झाला. गुढी तिने घरी उभारली, मी इकडून झाड दाखवलं, तिने झाडालाच हळदकुंकू लाव म्हटलं, मी नाही लावलं.

रोहन, रविवार ३० मार्च, सकाळी ७:५२

कोणी उठलंय का? बाथरूम समोरच दिसतंय, रांग बरीच आहे. बाजूचा सूटवाला म्हणतोय मी बघतो, पण त्याच्याकडे त्याचीच ताडपत्री आहे आणि गार्ड फेरी मारतोय. मिलिंददादा, दहा मिनिटं गेलो तर चालेल का?

मिलिंद, रविवार ३० मार्च, सकाळी ७:५४

हलू नकोस. येतोय.