कलासंस्थेच्या खुर्चीवर कोणी बसावे आणि कलेचे मोल कोणत्या मापाने मोजावे?

रंगपीठ :
प्रयोगकला आणि सर्जनशील उद्योगांच्या नेतृत्वावर काल या चर्चापीठावर एक लेख आला. रंगभूमी, नृत्य आणि संगीत यांना प्रतिष्ठा हवी असेल तर त्यांच्या धुरीणांनी रोजगाराचे आणि उलाढालीचे आकडे घेऊन धोरणकर्त्यांपुढे उभे राहावे, आणि कलासंस्थांचा कारभार कलावंतांकडून काढून प्रशिक्षित व्यवस्थापकांकडे सोपवावा, असे त्याचे सार होते. त्याखालच्या वाहवा करणाऱ्या प्रतिक्रिया वाचून राहवले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी आकड्यांविषयी. ‘सर्जनशील उद्योग’ या नावाखाली आज जी मोठी बेरीज दाखवली जाते, तिचा साचा ब्रिटिश सरकारने १९९८ मध्ये तयार केला. त्यात १३ क्षेत्रे एकत्र धरली होती. जाहिरात, वास्तुकला, फॅशन, प्रकाशन, चित्रपट, दूरचित्रवाणी आणि संगणकाचे सॉफ्टवेअर यांच्या पंक्तीला प्रयोगकलाही बसवली गेली. सॉफ्टवेअर आणि जाहिरात धरल्यावर बेरीज फुगणारच, पण ती आपली म्हणून मिरवणाऱ्या नाटकवाल्याने एकदा विचार करावा की उद्या कोणी प्रत्येक क्षेत्राचा हिशेब वेगळा मागितला तर त्याच्या हाती काय उरेल. शिवाय त्या व्याख्येत मोल ठरते ते बौद्धिक संपदेतून निर्माण होणाऱ्या संपत्तीवर आणि रोजगारावर. ज्या नर्तकीचे सारे कर्तृत्व प्रयोग संपताच संपते, तिला या व्याख्येत जागा कोठे आहे?

दुसरे, ही कला महाग का होत जाते हे बाउमॉल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच सांगून ठेवले आहे. बेथोवनच्या काळात चौघांच्या वादनाला जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो आणि वादकही चारच लागतात. कारखान्यातली उत्पादकता वाढली की तेथील वेतन वाढते, आणि त्या वेतनाशी बरोबरी साधायची तर कलेचा खर्चही वाढतो, पण तिचे उत्पादन वाढत नाही. ही तूट अकार्यक्षमतेतून आलेली नाही, ती कामाच्या स्वरूपातच आहे. व्यवस्थापन शिकलेला माणूस हे समजून घेत नसेल, तर तो एकच करू शकतो : तालमी कमी करणे, वादक कमी करणे.

अमेरिकेतील मिनेसोटाच्या वाद्यवृंदाचे काय झाले ते आठवा. तेथील व्यवस्थापनाने ऑक्टोबर २०१२ मध्ये वादकांना कामाबाहेर ठेवले आणि ही टाळेबंदी जानेवारी २०१४ पर्यंत चालली. त्याच काळात सभागृहाच्या नूतनीकरणावर सुमारे ५ कोटी डॉलर खर्च होत होते. संगीत दिग्दर्शक ओस्मो व्हॅन्स्का यांनी राजीनामा दिला. म्हणजे वास्तू नवी झाली आणि तिच्यात वाजवणारे रस्त्यावर राहिले. कलासंस्थेत वास्तू ही साधन आहे आणि वादन हे कार्य आहे, एवढा विवेक ज्याच्यापाशी नाही, त्याला मी नेता म्हणणार नाही.

हिशेबनीस :
मिनेसोटाची अर्धीच गोष्ट सांगितलीत. संस्थेला तूट होती आणि ती गंभीर होती, अखेरच्या करारात वादकांनी सुमारे १५ टक्के वेतनकपात मान्य केली. टाळेबंदी क्रूर होती हे मला मान्य आहे, पण तूट ही व्यवस्थापकाच्या कल्पनेतून निघालेली वस्तू नव्हती.

आता कलावंतांच्या हाती कारभार असला की काय होते तेही पाहू. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये उभी राहिली. बालगंधर्वांच्या गळ्याविषयी आणि अभिनयाविषयी वाद घालण्याची माझी पात्रता नाही, पण प्रेक्षकांची अलोट गर्दी असताना ती मंडळी कर्जात बुडाली हा इतिहास आहे. ‘बॅले रूस’ ही नृत्यमंडळी चालवणारा रशियन दिआगिलेव्ह घ्या. स्ट्राविन्स्की या संगीतकाराला जगापुढे आणणारा हा माणूस स्वतः नर्तकही नव्हता आणि संगीतकारही नव्हता, तो खरा नेता होता. तरीही १९२१ मध्ये लंडनमध्ये त्याने इतके खर्चिक बॅले उभे केले की पैसे बुडाले आणि नेपथ्य व वेशभूषा ज्याचे पैसे देणे होते त्याच्या ताब्यात गेली. कलात्मक दृष्टी असणे आणि संस्था तगवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

मी एका नृत्यसंस्थेचे हिशेब पाहत असे. तिच्या प्रमुख असामान्य कलावंत होत्या. दौऱ्याच्या तोंडावर त्यांना वेशभूषा मनासारखी वाटली नाही, म्हणून ती सगळी नव्याने करून घेतली आणि त्या वर्षी साथीदारांचे मानधन थकले. तबलजी रोज येऊन माझ्यासमोर बसत. ते बाईंना काही म्हणू शकत नव्हते, कारण त्या गुरू होत्या. त्या वेळी तेथे कोणी रुक्ष व्यवस्थापक अधिकारावर असता, तर त्या माणसाच्या घरचे भाडे वेळेवर गेले असते. आपण ज्याला विवेक म्हणता, तो हिशेबाच्या वहीतही असतो.

शारदा_ताई :
कलावंत की व्यवस्थापक, ही विभागणीच मला पटत नाही. बर्लिनर आन्सांबल या पूर्व बर्लिनमधल्या नाट्यसंस्थेची प्रमुख १९४९ पासून १९७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत हेलेने वायगल होती. ती त्या संस्थेची सर्वांत मोठी नटी होती आणि प्रशासनही तिच्याच हाती होते. तिचा नवरा, नाटककार ब्रेख्त १९५६ मध्ये गेला, त्यानंतरही तिने संस्था चालवली. दुसरीकडे केन्स हा अर्थशास्त्रज्ञ होता, आणि युद्धकाळात ब्रिटनमध्ये कलांना सरकारी मदत मिळवून देणाऱ्या मंडळाचे अध्यक्षपद त्यानेच सांभाळले. माणूस कोणत्या शाळेतून आला यापेक्षा तो खुर्चीवर बसून कशाचे रक्षण करतो, हे पाहावे.

हिशेबनीस :
वायगलला पूर्व जर्मनीच्या सरकारचे अनुदान होते. पगाराची चिंता ज्याला स्वतः करावी लागत नाही, त्याचे नेतृत्व निराळे असते. उदाहरण चांगले आहे, पण ते सर्वांना लागू करू नका.

विंगेतली :
मी इतका वेळ वाचत होते. आपण सगळे खुर्चीविषयी बोलत आहात. ज्या वेळात नाटक प्रत्यक्ष घडते, त्या तालमीच्या वेळेचे पैसे कोण देतो, हा प्रश्न अजून कोणीच विचारलेला नाही.

मी रंगमंच व्यवस्था पाहते. बहुतेक ठिकाणी आम्हांला पैसे मिळतात ते प्रयोगाचे, म्हणजे नाईटचे. तालमीचे मिळालेच तर चहापाणी आणि जाण्यायेण्याचे भाडे. तालमींचा हंगाम आम्ही पदरमोड करून काढायचा, नाटक चालले तर पुढे भरपाई, पडले तर ते सगळे दिवस गेले. मला दिग्दर्शक म्हणून भेटलेले एक अत्यंत आदरणीय गृहस्थ तालीम सुरू होताना म्हणत की येथे आपण नोकरीला आलेलो नाही, साधनेला आलो आहोत. त्यांचे स्वतःचे मानधन मात्र करारावर सही होताच अर्धे मिळालेले असे. तेव्हा रंगपीठ, आपला कलावंत-नेता आणि हिशेबनीस, आपला व्यवस्थापक, या दोघांच्याही वहीत आमचे तास नोंदलेले नसतात.

फ्रान्समध्ये प्रयोगकलेत काम करणाऱ्यांसाठी बेकारी विम्याची स्वतंत्र व्यवस्था आहे आणि तिच्यासाठी ५०७ तासांचे काम दाखवावे लागते. या हक्कांना कात्री लागणार असे दिसताच २००३ मध्ये तेथील कलावंत आणि तंत्रज्ञ संपावर गेले आणि अविन्यों या गावचा नाट्यमहोत्सव रद्द करावा लागला. दोन कामांमधल्या काळातही माणसाला उत्पन्नाचा आधार हवा, हे तेथे व्यवस्थेनेच मान्य केले आहे.

तिसरी_घंटा :
मी निर्माता आहे, आणि हे वाचून संताप आला. तालमीचे पैसे द्या म्हणणे सोपे आहे. नाट्यगृहाचे भाडे, जाहिरात, नेपथ्य, गाडी, यांपैकी कोणीही नाटक चालेपर्यंत थांबत नाही, सगळ्यांचे आगाऊ द्यावे लागते. त्यावर संपूर्ण संचाचे तालमीचे पैसे घातले तर मी वर्षाला एकच नाटक करीन, तेही दोन पात्रांचे आणि ओळखीच्या चेहऱ्यांचे. नवा लेखक, नवा नट, मोठा संच हे सगळे बंद होईल. पडलेल्या नाटकांची कर्जे मी फेडली आहेत, त्या वेळी संचातले कोणी वाटा उचलायला आले नव्हते. आणि कोणालाही मी घरातून ओढून तालमीला आणलेले नाही.

विंगेतली :
शेवटचे वाक्य आपण लिहायला नको होते. घरातून कोणी ओढून आणत नाही, हे खरेच आहे. या कामावर आमचे प्रेम आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्या प्रेमाची किंमत आपण मोजण्याऐवजी वजा करता. माझ्या बरोबरीने प्रकाशयोजना करणारी एक मुलगी होती, तिच्याइतकी अचूक नजर मी पुन्हा पाहिली नाही. मूल झाल्यावर बिनपैशाच्या तालमींना येणे तिला शक्य राहिले नाही. ती आता कंपन्यांच्या समारंभांचे दिवे लावते आणि तिला त्याचे नीट पैसे मिळतात. आपण जोखीम घेता म्हणता, तर तिनेही जोखीम घेतली होती. आपले नाटक चालले की नफा आपला असतो. तिच्या वाट्याला नाटक चालल्यावर तेवढीच नाईट येत होती.

आणि जे टिकतात ते कोण असतात, हेही सांगते. ज्यांच्या घरात दुसरी मिळकत आहे ते. मग रंगमंचावर एकाच थरातली माणसे का दिसतात, याची चर्चा आपण परिसंवादांत करतो.

तिसरी_घंटा :
नफा माझा, हे आपण फार सहज लिहिले. कितीतरी नाटके मुद्दलसुद्धा परत देत नाहीत. मी खलनायक आहे असे ठरवून बोलायचे असेल तर बोला.

शारदा_ताई :
दोघेही शब्द जरा आवरा. तिसरी घंटा, आपल्या अडचणी खऱ्या आहेत, तरी त्या मुलीविषयी आपण एक अक्षरही लिहिले नाही, हे मला खटकले.

रंगपीठ :
विंगेतली यांनी धागा भलतीकडे नेला असे कोणाला वाटेल, मला तसे वाटत नाही. बाउमॉलने दाखवलेली तूट कोणीतरी भरतच असते. सरकार भरत नसेल, प्रेक्षक तिकिटातून भरत नसेल आणि देणगीदारही पुढे येत नसेल, तर ती भरतो तालमीला फुकट येणारा माणूस. हे अनुदानच आहे, फक्त ते सर्वांत गरीब माणसाकडून घेतले जाते आणि त्याची पावती दिली जात नाही. ही तूट कोणाच्या खिशातून भरायची ते ठरवणे हेच कलासंस्थेतले नेतृत्व आहे, आणि खुर्चीवरचा माणूस ते न ठरवता तसेच चालू देतो तेव्हाही त्याने निर्णय घेतलेलाच असतो.

उलाढालीच्या आकड्यांना माझा विरोध आहे तो याच कारणाने. त्या १३ क्षेत्रांच्या बेरजेत तिकीटविक्री दिसते, पण बिनपगारी तालीम दिसत नाही. जे माप खर्चाचा सर्वांत मोठा भाग मोजतच नाही, त्याने मोल काय कळणार?

न्यूयॉर्कचा ऑर्फियस हा वाद्यवृंद १९७२ पासून कंडक्टरविना, म्हणजे समोर उभे राहून वादन चालवणाऱ्या माणसाविना वाजवतो. प्रत्येक रचनेसाठी वादक आपल्यातूनच प्रमुख निवडतात. नेतृत्व असे वाटून घेतले की तालमीत प्रत्येकाला बोलण्याचा हक्क येतो, आणि ज्याला बोलता येते त्याला आपले तासही मोजून मागता येतात. हिशेबनीसांच्या तबलजींना तेवढाच हक्क नव्हता. त्या बाई कलावंत होत्या म्हणून ते गप्प राहिले असे नाही, त्यांना प्रश्न विचारण्याची सोय संस्थेत नव्हती म्हणून ते गप्प राहिले.

हिशेबनीस :
ऑर्फियसलाही कार्यकारी संचालक आणि कार्यालय आहे, हे सांगायला आपण विसरलात. वादक रचनेचा अर्थ लावण्यात समान असतात, दौऱ्याची तिकिटे मात्र कोणीतरी एकच माणूस काढतो. मात्र तबलजींविषयी आपण जे म्हणता ते नाकारणे मला जड जाते. मी व्यवस्थापक असतो तर त्यांचे पैसे दिले असते, पण त्यांना बैठकीत बोलावले असते का, याचे उत्तर देणे मला सोपे नाही. एवढे मान्य करतो. संस्थेची वही कलावंताच्या हाती द्यावी, हे मात्र मी आजही मानणार नाही.

मापाच्या बाबतीत मला आपला मार्ग उलटा वाटतो. जे मोजले जात नाही ते मोजा, मोजणेच सोडू नका. आयर्लंडने २०२२ मध्ये २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देण्याचा तीन वर्षांचा प्रयोग सुरू केला. भावनिक आवाहनाने अर्थखाते हलत नाही. त्यांच्यापुढे बिनपगारी तासांचा आकडा ठेवावा लागतो, आणि तो काढायला माझ्यासारखाच माणूस लागतो.

विंगेतली :
मग काढा. प्रत्येक संस्थेच्या वार्षिक ताळेबंदात तालमीचे एकूण तास, त्यांपैकी किती तासांचे पैसे दिले आणि किती तासांचे दिले नाहीत, अशा तीन नोंदी छापा. पैसे लगेच द्या असे मी आज म्हणतच नाही. नोंद करायला खर्च येत नाही. तिसरी घंटा, आपण आपल्या पुढच्या नाटकापासून हे कराल का?

तिसरी_घंटा :
नोंद ठेवीन. ती छापायची की नाही हे मी ठरवीन, कारण तो आकडा पाहून उद्या आपणच माझ्या दारात उभ्या राहाल, आणि तेव्हा माझ्या बुडालेल्या नाटकांचा आकडा शेजारी छापायला कोणी तयार नसेल.

विंगेतली :
शेजारी छापा, माझी हरकत नाही. दोन्ही एकाच पानावर छापा आणि ते पान तालमीच्या पहिल्या दिवशी संचातल्या प्रत्येकाच्या हातात द्या, म्हणजे कोण कशात पडतो आहे हे सर्वांना सही करण्यापूर्वी कळेल.