मदत हवी आहे: टेनेसी (आईला डोंगर, बाबांना मेम्फिस, लेकाला डॉलीवूड)

सीताबर्डी

नमस्कार मंडळी,

आई-बाबा नागपूरहून आलेत, दिवाळीआधी परत जाणार. आम्ही अटलांटाच्या उत्तरेला, अल्फारेटाला राहतो. ऑक्टोबरात नवऱ्याची आणि माझी मिळून आठवडाभर सुट्टी जमतेय, त्यात गाडीने टेनेसी करायचं ठरलंय. म्हणजे राज्य तेवढं ठरलंय, बाकी घरात एकवाक्यता शून्य.

आईला स्मोकी माउंटन्समधले पानगळीचे रंग बघायचेत. तिचे गुडघे दुखतात. सपाटीवर चालते, चढ नको म्हणते. लेक सात वर्षांचा, त्याच्या वर्गातलं कुणीतरी डॉलीवूड या थीम पार्कला जाऊन आलंय, त्यामुळे रोज तेच पुराण. आणि बाबांना नॅशव्हिल नि मेम्फिस बघायचंय, तेही गाण्यांसाठी नव्हे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. जेम्स लॉसन नावाचे कृष्णवर्णीय मेथडिस्ट मिशनरी १९५३ साली नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला नकार दिला म्हणून अमेरिकेत तुरुंगवास भोगून आलेले. नागपुरात मुलांना शिकवायचे, खेळांचं बघायचे आणि सत्याग्रहाचा अभ्यास करायचे. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी घातलेल्या बस बहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच पेपरात वाचली. परत गेल्यावर नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचं शिक्षण दिलं, त्याच मुलांनी १९६० साली तिथल्या दुकानांमधले लंच काउंटर, जिथे फक्त गोऱ्यांना बसून खाता यायचं, सगळ्यांना खुले करायला लावले. पुढे १९६८ मध्ये सफाई कामगारांच्या संपासाठी मार्टिन ल्यूथर किंग यांना मेम्फिसला बोलावणारेही हेच. बाबा हिस्लॉपचेच, पण लॉसन अमेरिकेत परतल्यानंतर बऱ्याच वर्षांनी शिकलेले. २०२४ मध्ये लॉसन वारल्याची बातमी वाचल्यापासून त्यांनी या विषयाची एक वहीच केलीय. 'आपल्या सिव्हिल लाइन्समधून गेलेला माणूस' असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

तर विचारायचं असं, की मेम्फिस आणि स्मोकी एका फेरीत होईल का? नकाशा दोन्हींमध्ये सात तास दाखवतो. नॅशव्हिलला लॉसनसंबंधी प्रत्यक्ष बघण्यासारखं काय आहे? नुसता रस्त्यावरचा फलक दाखवायला नेलं तर बाबा काही बोलणार नाहीत, पण मला कळेल. आईला स्मोकीत गाडीतून उतरून फार न चालता काय दिसेल? आणि खाण्याचं काय? आई अंडंही खात नाही.

चिकूवाडी

एका फेरीत नको. टेनेसी लांबट राज्य आहे, आडवं साधारण ४४० मैल. मेम्फिस पश्चिम टोकाला मिसिसिपीच्या काठी, स्मोकी पूर्व टोकाला. दोन्ही घेतलंस तर आई-बाबांना फक्त आय-४० हायवे दिसेल आणि ट्रक.

त्यापेक्षा सुट्टीचे दोन तुकडे कर. आधी अटलांटा, चॅटनूगा, नॅशव्हिल, मेम्फिस आणि बर्मिंगहॅमवरून घरी. घरी एक दिवस कपडे धुवा, झोपा, मग स्मोकी. तुमच्याकडून चेरोकी गावामार्गे डोंगर साधारण चार तास आहेत. कागदावर उलटसुलट वाटतं, पण गाडीत कमी बसावं लागतं.

चॅटनूगाला लेकासाठी टेनेसी अ‍ॅक्वेरियम चांगलं आहे, गोड्या पाण्यातल्या माशांचं फार मोठं. आजी बाकावर बसून बघू शकतात. रूबी फॉल्स हा डोंगराच्या पोटातला धबधबा, लिफ्टने खाली नेतात पण मग गुहेत बरंच चालावं लागतं. रॉक सिटीत दगडांमधून जाणाऱ्या अरुंद वाटा आहेत, गुडघ्यांना नको. सगळीकडे 'सात राज्यं दिसतात' अशी जाहिरात दिसेल. मला तरी सगळीकडे झाडंच दिसली.

एक लक्षात ठेव, चॅटनूगा तुमच्याच वेळेवर चालतं, नॅशव्हिल-मेम्फिस एक तास मागे. जाताना तासाचा फायदा, येताना तोटा. संग्रहालयाची वेळ ठरवताना लोक इथे गोंधळतात.

बेलव्ह्यूकर

नॅशव्हिलचाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सीताबर्डी, तुमच्या बाबांना आमच्याकडून नमस्कार. आमच्या मंडळातल्या निम्म्या लोकांना लॉसन आणि नागपूर हे नातं माहीत नाही.

फलकांपेक्षा बरंच काही आहे. सुरुवात डाउनटाउनमधल्या मुख्य पब्लिक लायब्ररीपासून करा. तिथे सिव्हिल राइट्स रूम आहे, फुकट. खोलीच्या मध्यभागी गोलाकार लंच काउंटर आणि स्टुलं आहेत. काउंटरवर आंदोलनातल्या मुलांसाठीचे दहा नियम कोरलेत. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. कुणी मारलं, शिवी दिली तरी उलट करू नका. उगाच मोठ्याने हसू नका. तुमचे बाबा तिथल्या स्टुलावर बसून ते वाचू शकतात. मी पाहुण्यांना नेतो तेव्हा घाई करत नाही, कारण शाळेच्या वर्गासारखी शिस्त वाचताना हळूहळू लक्षात येतं की ही मार खाण्याची तालीम होती. लॉसन चर्चच्या तळघरात मुलांना समोरासमोर बसवून अक्षरशः तशी तालीम घेत. एकाने शिव्या द्यायच्या, ढकलायचं, दुसऱ्याने जागचं हलायचं नाही.

तिथून जवळच पूर्वीचा फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू. त्या रस्त्यावरच्या दुकानांच्या काउंटरवर १३ फेब्रुवारी १९६० पासून मुलं बसायला लागली. आता त्याला जॉन लुइस यांचं नाव आहे. तेही लॉसन यांचेच विद्यार्थी, पुढे खासदार झाले. मग कोर्टहाउसच्या पायऱ्या. १९ एप्रिलला पहाटे आंदोलकांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, आणि त्याच दिवशी हजारो लोक मुकाट्याने चालत या चौकात आले. डायन नॅश या विद्यार्थिनीने महापौर बेन वेस्ट यांना तोंडावर विचारलं, काउंटरवरचा हा भेदभाव चूक आहे की नाही. ते हो म्हणाले. १० मे रोजी काउंटर खुले झाले. पायऱ्यांच्या बाजूला 'विटनेस वॉल्स' नावाच्या काँक्रीटच्या भिंती आहेत, त्यात त्या वेळच्या फोटोंवरून चित्रं उमटवलीत. हे सगळं चालत होतं. आईंना हवं तर गाडीने सोडा.

व्हँडरबिल्ट विद्यापीठाने १९६० मध्ये लॉसन यांना काढून टाकलं होतं. पुढे त्यांनाच सन्मानाने शिकवायला बोलावलं आणि आज त्यांच्या नावाची संस्था तिथे आहे. आवारातून एक चक्कर मारा, झाडं सुंदर आहेत. आणि आमच्या बेलव्ह्यूत २०२३ पासून जेम्स लॉसन हायस्कूल आहे. शाळा चालू असताना आत सोडणार नाहीत, पण नावाच्या पाटीसमोर फोटो काढता येईल. श्री गणेश मंदिर तिथून फार लांब नाही, म्हणजे आईंचंही दर्शन होईल.

लेकासाठी सेंटेनियल पार्कातलं पार्थेनॉन. अथेन्सच्या मंदिराची हुबेहूब आकाराची प्रतिकृती, १८९७ च्या प्रदर्शनासाठी बांधलेली आणि नंतर काँक्रीटमध्ये पक्की केलेली. आत ग्रीक देवी अथेनाची ४२ फुटी सोनेरी मूर्ती आहे. माझ्या मुलीला वाटलं होतं देवीचं देऊळ आहे, चपला काढायला लागली. ब्रॉडवेवर संध्याकाळी सहानंतर आई-बाबांना नेऊ नका, गोंगाट सहन होणार नाही. दुपारी रायमन ऑडिटोरियम हे जुनं संगीतगृह बघा, १८९२ चं आहे, लाकडी बाकांवर निवांत बसता येतं.

उंटावरचा_शहाणा

मेम्फिसबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. ज्येष्ठांना घेऊन तिथे कशाला? बातम्या बघत नाही का तुम्ही? नॅशव्हिलवरूनच मागे फिरा.

चिकूवाडी

@शहाणा, मग निम्मी गोष्ट बघून परत यायचं का? गाडीत बॅग, फोन दिसेल असं ठेवायचं नाही, रात्री उगाच भटकायचं नाही, मोठ्या शहरात जे करतो तेच.

सीताबर्डी, लॉरेन मोटेल म्हणजेच नॅशनल सिव्हिल राइट्स म्युझियम. मंगळवारी बंद असतं, त्याप्रमाणे दिवस लाव. बाहेरून मोटेल १९६८ मध्ये होतं तसंच ठेवलंय. समोर त्या काळच्या दोन गाड्या, वर ३०६ नंबरच्या खोलीबाहेर कठड्यावर पुष्पचक्र. ४ एप्रिलला किंग यांना गोळी लागली ती हीच जागा. आत लंच काउंटरवर बसलेल्या मुलांचे पुतळे आहेत, म्हणजे नॅशव्हिल इथेही भेटेल. पुढे कचऱ्याचा ट्रक आणि 'आय अ‍ॅम अ मॅन'चे फलक. पाऊस पडत असताना ट्रकच्या यंत्रात सापडून दोन कामगार मेले आणि १,३०० कामगार संपावर गेले. लॉसन तेव्हा मेम्फिसमध्ये पाद्री होते आणि संपाच्या डावपेच समितीचे अध्यक्ष. हे सगळं बघायला अर्धा दिवस ठेव. लेकाला शेवटपर्यंत नेऊ नकोस असं माझं मत. एका मोठ्या माणसाने त्याला घेऊन पीबॉडी हॉटेलात बदकं बघावीत. सकाळी अकराला लिफ्टमधून येऊन लाल गालिच्यावरून कारंज्यात जातात, पाचला परत. हसू नका, मोठी माणसंसुद्धा जागा धरून बसतात.

घाटमाथा

मी स्मोकीपुरतं सांगते. आम्ही नॉक्सव्हिलला असतो, दर पाहुण्यामागे एक स्मोकी ठरलेलीच.

आईंसाठी न्यूफाउंड गॅप, ५,०४६ फूट. पार्किंगमध्ये गाडी लावली की कठड्यापाशीच सगळं दिसतं. दोन राज्यांची हद्द तिथेच आहे. कुवोही हे शिखर त्याहून उंच, ६,६४३ फूट. २०२४ पर्यंत त्याचं नाव क्लिंगमन्स डोम होतं, जुन्या नकाशात तेच सापडेल. वरच्या मनोऱ्याकडे जाणारी वाट डांबरी असली तरी अर्धा मैल सरळ चढ आहे, आईंनी खालच्या पार्किंगमधूनच बघावं, तिथूनही कमी नाही. रंग वरून खाली उतरतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माथे, महिनाअखेर दऱ्या. वर पानं गळली असतील तर खाली उतरा, सापडतील.

चेरोकीकडून येणार असाल तर ओकोनालफ्टीच्या कुरणांजवळ सकाळी लवकर किंवा संध्याकाळी थांबा. एल्क, म्हणजे मोठी हरणं, येतात. ऑक्टोबरात नर ओरडत असतात, शिट्टी आणि दरवाजाची करकर यांच्या मधला आवाज. गाडीशेजारूनच ऐकू येतो. हा भाग नॉर्थ कॅरोलायनात मोडतो, पण तुझ्या आईला काय फरक पडतो!

उद्यानात शिरायला पैसे नाहीत. पण पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाडी लावायची तर पार्किंग टॅग लागतो, दिवसाला ५ डॉलर, आठवड्याला १५. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे पार्किंगला चालत नाही, त्यावर वाद घालणारी मंडळी मी दर वेळी काउंटरवर बघते. केड्स कोव्हचा ११ मैलांचा एकेरी रस्ता गाडीतूनच होतो, पण ऑक्टोबरात सुट्टीच्या दिवशी मुंगीच्या पावलाने. सकाळी उजाडताच जा.

डॉलीवूड पिजन फोर्जला आहे, रोज उघडं नसतं, कॅलेंडर बघूनच तिकीट काढ. ऑक्टोबरात संध्याकाळी कोरलेले भोपळे पेटवतात, आजी-आजोबांनाही आवडेल.

खाण्याचं म्हणशील तर स्वयंपाकघर असलेली केबिन घे. इथल्या साध्या हॉटेलात 'व्हेजिटेबल प्लेट' मिळते खरी, पण फरसबी बेकन घालून शिजवलेली असते आणि मॅकरोनी-चीज भाज्यांत मोजतात. प्रत्येक पदार्थाला मांस किंवा चरबी आहे का ते विचारायचं. कुकर, पिठल्याचं बेसन, तांदूळ गाडीत टाक. आणि रात्री गाडीत खायचं काही ठेवू नकोस. अस्वलं दार उघडतात, गंमत नाही.

सीताबर्डी

सगळ्यांचे मनापासून आभार! दोन तुकडे करायचं नक्की. आईला आधी डोंगर हवे होते, पण रंग महिनाअखेरपर्यंत असतात म्हटल्यावर मेम्फिस पहिलं जायला तिची ना नाही. बाबांना दहा नियमांचं वाचून दाखवलं तर ते वहीत उतरवून घेतायत आणि 'लायब्ररी किती वाजता उघडते' असं दोनदा विचारून झालंय.

@बेलव्ह्यूकर, लायब्ररीजवळ गाडी कुठे लावायची? @घाटमाथा, केबिन गॅटलिनबर्गला घेऊ की पिजन फोर्जला?

घाटमाथा

दोन्ही नको, टाउनसेंडला घे. केड्स कोव्ह जवळ पडतं आणि गर्दी नाही. डॉलीवूडला तेवढं लांब जावं लागेल, ते नवऱ्याला सांग.

बेलव्ह्यूकर

लायब्ररीचंच गॅरेज आहे, तिथेच लावा. आणि येण्याआधी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मंदिरात आरतीच्या वेळी आलात तर जेवायला आमच्याकडे या, अंड्याशिवायचं.