चुंबकी जोड चालेल, पण नट फिरता कामा नये
थ्रीडी प्रिंटरच्या झेड-अक्षावर (वर-खाली हालचालीच्या अक्षावर) उभ्या स्क्रूवरच्या नटाखाली नुसत्या दोन चुंबकी चकत्या लावल्या तर वॉबल (स्क्रूची डुगडुग) जाईल का, असं एकाने विचारलंय. आडवा वॉबल जाईल, पण नट फिरायला मोकळा राहील आणि तेच नडेल. ८ मिमी लीडच्या (एका फेरीत नट ८ मिमी सरकवणाऱ्या) स्क्रूवर नट १ अंश फिरला तरी उंचीत ०.०२२ मिमीची चूक! म्हणून मध्ये तिसरी चकती घाला: वरच्या अंगाला एका दिशेने व्ही-खाचा, खालच्या अंगाला काटकोनात, समोरासमोरच्या चकत्यांवरही तशाच, आणि खाचांत स्टीलच्या गोळ्या. भार गोळ्यांवरच हवा. चुंबक एकमेकांना टेकले की सरकणं अडखळतं, तेव्हा बारीक फट ठेवा. साधं निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सियसच्या वर कमजोर पडतं; प्रिंटरच्या तापत्या बेडपासून (छपाईच्या पाटापासून) लांबच बरं. छापलेल्या वस्तूवरचे आडवे पट्टे दर ८ मिमीला येत नसतील तर दोष बहुधा स्क्रूचा नाहीच.