फुलं गळून गेल्यावर ऑर्किडचा दांडा कापायचा का?

प्रश्न:
नमस्कार, ठाण्याला फ्लॅटमध्ये पूर्वेच्या खिडकीत फॅलेनॉप्सिस ऑर्किड आहे, सगळी फुलं गळली पण दांडा अजून हिरवाच आहे, तो कापू का राहू देऊ? आणि कुंडीबाहेर पांढरट मुळं लोंबतायत, ती पण छाटायची का? प्लीज सांगा कोणीतरी.

उत्तर १:
मुळांना अजिबात हात लावू नका!! ती हवाई मुळं आहेत, कोरडी असली की चंदेरी दिसतात आणि पाणी मारलं की हिरवी होतात, म्हणजे ठणठणीत. दाबल्यावर पिचपिचीत, तपकिरी लागतील तेवढीच काढा. दांडा बुडापासून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या साधारण १ सेंमी वर कापा, तिथनं नवा फाटा फुटू शकतो. पण पानं दोन-तीनच असतील तर मी म्हणेन बुडातनंच काढा, आधी रोपाला ताकद येऊ दे.

उत्तर २:
+१. कात्री आधी ज्योतीवर नीट तापवून गार करा, दुसऱ्या झाडाला लावायच्या आधी परत तापवा, व्हायरस असाच पसरतो. कापलेल्या जागी दालचिनीची पूड चालते पण चांगल्या मुळांवर नको, सुकवते ती. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचलं तर लगेच टिपून घ्या, पावसाळ्यात तिथनंच कुजतं.

उत्तर ३:
हे सगळं फॅलेनॉप्सिसचं हं. डेंड्रोबियम हे दुसऱ्या जातीचं ऑर्किड असेल तर त्याच्या पानं झडलेल्या जुन्या काड्या कापू नका, त्यात पाणी आणि अन्न साठलेलं असतं, कधीकधी त्यांनाच परत फुलं येतात.

प्रश्नकर्ती:
थँक्यू सगळ्यांना! डेंड्रोबियम पण आहे बाल्कनीत, त्याच्या काड्या ठेवते मग.